टेबल सॉवर निमुळते पाय कापण्यासाठी घरी जिग कसा बनवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 10 इंची टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) आहे, 45 मिमी चौकोनी लाकडातून टेबलाचे चार पाय काढायचे आहेत, आणि ते आतल्या दोन बाजूंनी खाली निमुळते हवे आहेत. दोन पट्ट्या एका टोकाला बिजागरीने जोडून जो जिग (लाकूड ठरल्या कोनात धरून पात्यातून नेणारा साचा) विकत मिळतो तसाच घरी लाकडात करावा का, आणि केला तर कोन मोजून कसा लावावा?

बिजागरीचा करू नका. एक सपाट फळी, तिच्या खाली सॉच्या मायटर स्लॉटमध्ये (टेबलातली, पात्याला समांतर खाच) चालणारा रनर म्हणजे सरकती पट्टी, वर दोन-तीन ठोकळे आणि दोन टॉगल क्लॅम्प (दांडा दाबला की लाकूड घट्ट धरणारे चाप), एवढ्यात काम होतं. आणि कोन मोजायचाच नाही. हे ऐकून बरेच जण बुचकळ्यात पडतात, म्हणून आधी त्याबद्दल.

तुमचा पाय 700 मिमी लांब धरू. वरचे 120 मिमी चौकोनीच ठेवायचे, कारण तिथे टेबलाच्या चौकटीच्या पट्ट्या येऊन जोडल्या जातात. उरलेल्या 580 मिमीमध्ये 45 चे 25 व्हायचे, म्हणजे तळाशी एका बाजूने 20 मिमी जाणार. याचा कोन निघतो दोन अंशांना किंचित कमी. आता बिजागरीच्या जिगवर कोनमापक लावून दोन अंश धरायला जा. अर्धा अंश इकडे-तिकडे झालेला डोळ्याला दिसतही नाही, पण 580 मिमीच्या टोकाला त्याचा फरक 5 मिमी पडतो. 25 चा पाय 20 चा किंवा 30 चा. शिवाय बिजागरीचा स्क्रू कापता कापता सैल पडला तर पहिला आणि चौथा पाय जुळत नाहीत. आणि त्या जिगवर लाकूड धरून ठेवायला बहुतेक वेळा क्लॅम्प नसतोच. पाय जिगला आणि जिग फेन्सला (टेबलावरची सरळ आधारपट्टी) दोन हातांनी दाबून धरत पात्याकडे न्यायचा. मला तो प्रकार कधीच पटला नाही.

फळीच्या जिगमध्ये हा सगळा हिशेब गळून पडतो. रनर बसवून फळी पहिल्यांदा पात्यातून ढकलली की तिची उजवी कड पातं स्वतःच कापून देतं. तिथून पुढे पातं जाणार ते बरोबर त्या कडेला लागून. म्हणजे फळीची कड हीच कापाची रेघ. पायावर दोन खुणा करायच्या, एक निमुळता भाग सुरू होतो तिथे आणि दुसरी तळाच्या टोकावर 25 मिमीला. दोन्ही खुणा कडेवर आणून ठेवल्या की कोन आलाच. तो किती अंशांचा आहे हे कुणालाही माहीत असायची गरज नाही.

आता बनवायला घेऊ.

फळीसाठी चांगला, न वाकलेला प्लाय घ्या, 12 किंवा 18 मिमी. एमडीएफ सपाटपणात प्लायपेक्षा सरस असतं, पण त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही आणि ओलसर हवेत ते फुगतं. जिग वर्षानुवर्षं ठेवायचा असेल तर प्लाय बरा. 700 मिमीच्या पायासाठी फळी 900 मिमी लांब आणि 300 मिमीच्या आसपास रुंद लागते. रुंदीचा नेमका आकडा तुमच्या सॉवर अवलंबून आहे: डाव्या मायटर स्लॉटपासून पात्यापर्यंतचं अंतर मोजा, त्याच्या डावीकडे ठोकळे आणि क्लॅम्प बसतील एवढी जागा धरा, आणि उजवीकडे पात्याच्या पलीकडे 5 मिमी जास्त ठेवा. ते जास्तीचे 5 मिमी पहिल्या कापात निघून जातील.

जाडी ठरवताना पात्याची उंची लक्षात घ्या. 10 इंची पातं सरळ उभं असताना टेबलाच्या वर साधारण 80 मिमी येतं. 18 ची फळी आणि 45 चा पाय मिळून 63 मिमी झाले, म्हणजे तुम्हाला अडचण नाही. पण 70 मिमीचे जाड पाय असते तर 18 च्या फळीवर ते कापलेच गेले नसते आणि 12 वरही नाही. अशा पायांना बँडसॉ (पट्टीसारख्या पात्याची करवत) आणि रंधा हाच मार्ग.

रनर हा या जिगमधला खरा नाजूक भाग. बहुतेक सॉचा स्लॉट पाऊण इंच, म्हणजे सहा सूत रुंद आणि तीन सूत खोल असतो. पण 'बहुतेक' या शब्दावर विसंबू नका, कॅलिपरने स्वतः मोजा. लहान, उचलून न्यायच्या सॉमध्ये वेगळी मापं सापडतात. रनर सरळ धाग्याच्या कठीण लाकडाचा करा आणि त्याच्या टोकावरची वलयं उभी असू द्या, म्हणजे पावसाळ्यात तो रुंदीला कमी फुगेल. नायलॉन किंवा तत्सम कठीण प्लास्टिकची पट्टी मिळाली तर उत्तमच, ऋतूंचा प्रश्न जवळजवळ मिटतो. जाडी स्लॉटच्या खोलीपेक्षा अर्धा-एक मिमी कमी ठेवा. रनर स्लॉटच्या तळाला टेकला तर फळी टेबलावरून उचलली जाते आणि डुगडुगते.

रुंदीत मात्र अजिबात खेळ नको. एका बोटाने ढकलला तर सरकला पाहिजे, आणि आडवा हलवून पाहिला तर 'टक' असा आवाज येता कामा नये. आधी किंचित घट्ट काढा, स्लॉटमध्ये पुढे-मागे चालवा, आणि जिथे बाजूला चकचकीत किंवा काळपट डाग उमटतील तेवढ्याच जागा पॉलिशपेपरने किंवा स्क्रॅपरने खरवडा. सरसकट घासू नका, नाहीतर घट्टपणा एका फटक्यात सैलपणात जातो. शेवटी मेण लावा.

रनर फळीला चिकटवण्याची पद्धत सोपी आहे. स्लॉटच्या तळाशी दोन-तीन वॉशर टाका आणि त्यावर रनर ठेवा, तो टेबलाच्या पातळीपेक्षा मिलिमीटरभर वर आला पाहिजे. रनरच्या पाठीवर दुहेरी चिकटपट्टी लावा. पातं पूर्ण खाली घेऊन फळी वरून टेकवा, उजवी कड पात्याच्या जागेच्या 5 मिमी पलीकडे राहील अशी. दाबा, उचला, उलटी करा आणि रनरला खालून स्क्रू मारा. प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडा आणि डोकं खोलवर बसेल अशी खळी करा. भोक न पाडता स्क्रू घुसवला तर तिथे रनर बाजूंनी फुगतो आणि मघाशी एवढ्या मेहनतीने बसवलेला रनर जाम होतो. फळी रनरला तंतोतंत समांतर बसली नाही तरी बिघडत नाही, कारण जी कड आपल्या कामाची आहे ती पातंच कापून देणार आहे.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. पातं टेबलाशी गुण्यात आहे का, आणि ते मायटर स्लॉटला समांतर आहे का. दुसरीसाठी पात्याचा एक दात खडूने रंगवा, तो पुढे आणून स्लॉटच्या कडेपासून त्याचं अंतर मोजा, मग पातं फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. एकच दात दोन्हीकडे वापरायचा, म्हणजे पात्यातला वाकडेपणा मोजणीत येत नाही. फरक अगदी केसाएवढा असला तर चालेल. अर्धा मिमी असेल तर जिग राहू द्या, आधी सॉ दुरुस्त करा, कारण त्यावर कापलेली प्रत्येक गोष्ट जळणार आहे. हे मापन अर्थातच प्लग काढून.

मग पातं फळीच्या जाडीपेक्षा थोडंसं वर घ्या आणि फळी एका दमात पात्यातून काढा. झाली कड तयार.

त्या कडेला पुढे जपायचं. जिगवर पातं कधीही तिरकं करून वापरू नका, एकदा तिरकं गेलं की कडेचा भरवसा गेला. पातं बदललं तरी थोडा फरक पडतो. नेहमीच्या पात्याचा काप साधारण सूतभर, म्हणजे 3.2 मिमीच्या आसपास असतो आणि पातळ पात्याचा 2.4 च्या जवळपास. त्यामुळे जाड पात्याने कापलेल्या कडेपासून पातळ पातं किंचित दूर जाईल. टेबलाच्या पायासाठी हे क्षम्य आहे, पण माहीत असावं. एकच पातं या जिगसाठी ठेवता आलं तर बरं, आणि ते रिपिंगचं (लाकूड लांबीने चिरायचं), 24 दातांचं असावं. लांब कापाला जास्त दातांचं पातं लावलं तर भुसा अडकतो आणि लाकूड जळतं.

ठोकळ्यांचं काम आता. टी-ट्रॅक (बोल्ट सरकवता येणारी धातूची खाचपट्टी) बसवून सरकते ठोकळे करता येतात, आणि दर महिन्याला वेगवेगळ्या मापाचे पाय कापणार असाल तर जरूर करा. पण पहिल्या जिगला मी तरी टी-ट्रॅक सुचवणार नाही. चार पायांसाठी स्क्रूने घट्ट बसवलेले लाकडी ठोकळे जास्त भक्कम, आणि पुढच्या वेळी स्क्रू काढून दुसरीकडे लावता येतात. फळीवर भोकं पडतील, पडू देत. जिग सुंदर करण्यात आठवडा घालवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या टेबलाला पाय मात्र अजून लागलेले नाहीत. फक्त एक नियम पाळा: कडेपासून 30 मिमीच्या आत कुठलाही लोखंडी स्क्रू नको.

लागतात तीन अडथळे. पायाचं वरचं टोक पुढे, म्हणजे पात्याच्या दिशेने, आणि निमुळतं टोक तुमच्याकडे. डावीकडे एक ठोकळा वरच्या चौकोनी भागाला टेकेल असा, एक ठोकळा अगदी तळाच्या टोकाशी डाव्या बाजूला टेकेल असा, आणि तिसरा पायाच्या मागे, टोकाला टेकणारा. हा तिसरा महत्त्वाचा आहे. पात्याचे पुढचे दात लाकडाला खाली आणि तुमच्या दिशेने ढकलतात, त्यामुळे कापताना पाय मागे सरकू पाहतो. तो अडवण्याचं काम या मागच्या ठोकळ्याचं. नुसत्या क्लॅम्पच्या दाबावर ते सोडू नका. तिन्ही ठोकळ्यांची खालची आतली धार पटाशीने किंचित उडवा, म्हणजे भुसा त्या खाचेत जाईल आणि पाय ठोकळ्यापासून दूर ढकलला जाणार नाही. चारपैकी एकच पाय अर्ध्या मिलिमीटरने वेगळा निघतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा कारण भुसाच असतो.

जागा ठरवण्यासाठी पायावर खुणा करताना एक काळजी. वरच्या बाजूवर काढलेली रेघ फळीच्या कडेपासून 45 मिमी उंच असते आणि डोळा जरा तिरका झाला की ती कडेवर आहे असा भास होतो. म्हणून सुरुवातीची खूण उजव्या बाजूवर गुण्याने उभी काढा आणि तळाची खूण टोकाच्या कापावर उभी काढा. दोन्ही रेघा खाली येऊन फळीला जिथे भिडतात तिथेच कड आहे, भास व्हायला वाव नाही. रेघ बरोबर कडेवर ठेवू नका, अर्धा मिमी आत, फळीच्या बाजूला ठेवा. तो अर्धा मिमी रंध्यासाठी. तळाशी पायाचे साधारण 20 मिमी कडेबाहेर लोंबतील, आणि वरचं टोक कडेच्या आत चारेक मिमी सरकलेलं दिसेल. ते बरोबर आहे. पातं वरच्या चौकोनी भागाजवळून न शिवता जाणार आणि खुणेपाशी लाकडात शिरणार. याच स्थितीत ठोकळे पायाला टेकवून पक्के करा.

टॉगल क्लॅम्प निदान दोन हवेत, एक चौकोनी भागावर, एक तळाकडच्या अर्ध्या भागात. ते पायाच्या उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर बसवा, नाहीतर त्यांचा हात पायापर्यंत पोहोचत नाही. क्लॅम्पचा दांडा किंवा बोल्ट कडेबाहेर येता कामा नये, उघडा असतानाही नाही आणि बंद असतानाही नाही. सगळं बसवून झालं की प्लग काढून, पातं पूर्ण उंचीवर घेऊन जिग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा हाताने चालवून बघा. पातं, रिव्हिंग नाइफ (पात्यामागची, काप मिटू न देणारी पातळ पट्टी), गार्ड (पात्यावरचं झाकण), क्लॅम्प, कुठे काय आपटतंय ते आताच कळू दे. गार्ड क्लॅम्पला अडत असेल तर क्लॅम्पची जागा बदला.

फळीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात ढकलायला एक मूठ लावा. हात कुठे ठेवायचा हे त्यामुळे ठरून जातं.

आता पाय. पट्ट्यांच्या कुसासाठी (टोकावरच्या जिभेसाठी) पायात जी भोकं घ्यायची आहेत ती पाय चौकोनी असतानाच घ्या. निमुळता झालेला पाय कुठल्याच बाजूवर नीट बसत नाही. लाकूड सरळ धाग्याचं निवडा, आणि जमलं तर टोकावरची वलयं कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी जाणारी घ्या, म्हणजे पायाच्या चारही बाजूंवर सारख्या उभ्या रेघा दिसतात. चारही पाय एकत्र उभे करून कुठल्या बाजू आत येणार आहेत ते वरच्या टोकावर पेन्सिलने लिहा. कापायच्या बाजूंवर लिहून उपयोग नाही, ते भुशात जाणार.

दोन बाजू कापायच्या असताना कुठली आधी, याला क्रम आहे, आणि तो चुकला तर दुसऱ्या कापाला पाय जिगवर डुगडुगतो. नियम असा: पहिल्या कापाला जी बाजू नंतर कापायची आहे ती खाली, फळीला टेकलेली ठेवा. चारही पायांची पहिली बाजू कापून घ्या. मग पाय तुमच्याकडून पाहताना डावीकडे एक पाव वळण फिरवा. खालची बाजू उजवीकडे पात्याकडे येते, कापलेली बाजू वर जाते, आणि फळीला व ठोकळ्याला टेकणाऱ्या दोन्ही बाजू अजून अखंड, सपाट आहेत. उलट क्रम धरला तर कापलेली बाजू खाली येते. दुसऱ्या फेरीत तळाकडच्या क्लॅम्पचा बोल्ट सुमारे 20 मिमीपर्यंत लांब करावा लागेल, कारण तिथे पायाची उंची उतरली आहे. चारही पायांसाठी ते एकदाच. म्हणूनच एक पाय पूर्ण करून मग दुसरा घ्यायचा नाही, एक बाजू सगळ्यांची, मग पुढची बाजू सगळ्यांची.

पुढे कधी चारही बाजूंनी निमुळते पाय करायची इच्छा झाली तर हाच जिग चालतो. तेव्हा प्रत्येक बाजूने 10 मिमी काढायचे आणि दर वेळी तसंच डावीकडे फिरवत जायचं. पहिले दोन काप वर सांगितले तसेच. तिसऱ्या वेळी पहिली कापलेली बाजू डाव्या ठोकळ्यांकडे येते, म्हणून तळाचा ठोकळा आणि पाय यांच्यामध्ये 10 मिमीची चपटी पट्टी घाला. चौथ्या वेळी कापलेली बाजू खालीही येते, तेव्हा ती बाजूची पट्टी राहू द्या आणि तळाच्या टोकाखाली आणखी एक 10 मिमीची ठेवा. दोन्ही पट्ट्या अगदी टोकाशीच हव्यात, 10 मिमीचा फरक तिथेच आहे, वर सरकत गेलं की तो कमी होत जातो. कापून पडलेली पाचरच उलटी लावून आधार द्यावा असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. दिसायला तो चतुर आहे, पण पाचरीतून पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुशात गेलेलं असतं, म्हणून ती 10 ऐवजी 7 च्या आसपास भरते. रंध्यासाठी अर्धा मिमी राखला असेल तर पट्टीही साडेनऊची घ्या.

कापताना फेन्स काढूनच ठेवा. नुसता बाजूला सरकवून नव्हे, शक्य असेल तर टेबलावरून खाली. सुटलेली पाचर पात्याच्या उजवीकडे पडते, आणि तिथे जवळ फेन्स असेल तर ती पातं आणि फेन्सच्या मध्ये सापडते. पात्याच्या मागच्या बाजूचे दात वर येत असतात, त्यांनी ती पकडली की थेट तुमच्याकडे भिरकावली जाते. 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे फिरत असेल तर दाताचा वेग ताशी 190 किमीच्या घरात असतो, आणि पाचर तितक्या वेगापर्यंत भिरकावली जाऊ शकते. रिव्हिंग नाइफ जागेवर ठेवा, या जिगला तो कुठेही अडत नाही. उभे राहा ते पात्याच्या रेषेच्या डावीकडे, जिगच्या मागे. चष्मा हवाच, हातमोजे नकोत, ते दातात ओढले जातात.

सॉ सुरू करून पातं पूर्ण वेगात येऊ द्या, मग एकसारख्या गतीने ढकला. मध्ये थांबलात की तिथे जळल्याचा पट्टा उमटतो. पाय पात्यापासून पूर्ण सुटल्यावरही जिग पुढे जाऊ द्या, सॉ बंद करा, पातं थांबू द्या, आणि मगच जिग मागे घ्या आणि पाचर उचला. फिरत्या पात्याजवळून जिग मागे ओढला तर नुकत्याच कापलेल्या बाजूवर खुणा पडतात, आणि पात्याशेजारची पाचर बोटांनी उचलण्याचा मोह तर टाळलेलाच बरा. फळी 900 मिमी आणि सॉचं टेबल त्याहून आखूड असणार, तेव्हा पलीकडे आधाराला टेबलाच्या उंचीचं काहीतरी ठेवा. कापाच्या शेवटी जिग पुढे झुकला तर तळटोकाशी काप वाकडा होतो.

पहिला काप खऱ्या पायावर करू नका. त्याच मापाचा टाकाऊ तुकडा घ्या, कापा, तळाशी मोजा. 25.5 आले तर ठोकळे बरोबर बसले आहेत. कमी-जास्त असेल तर तळाचा ठोकळा सरकवा, वरच्याला हात लावू नका. दोन्ही एकदम हलवले तर सुरुवातीची रेघही जागा सोडते आणि मग कशाने काय बदललं ते कळत नाही.

काप जळका येत असेल आणि पातं समांतर व धारदार असेल, तर रनरमधला खेळ बघा. काप सरळ न येता मध्ये फुगीर किंवा पोकळ येत असेल तर बहुधा लाकूडच वाकलं आहे. एका बाजूने बरंच लाकूड गेलं की आतला ताण सुटतो आणि पाय किंचित कमानदार होतो. अशा लाकडाला आधी तीन-चार मिमी जास्त ठेवून ओबडधोबड कापा, दोन-चार दिवस राहू द्या, मग सपाट बाजू पुन्हा रंधून शेवटचा काप घ्या. पहिल्यापासून शंका असेल तर ओबडधोबड काप बँडसॉवर काढला तरी चालतो.

ज्यांच्या सॉचा स्लॉट विचित्र मापाचा आहे, त्यांनी रनर न लावता फळीची डावी कड फेन्सला घासून चालवावी. फेन्स पात्याच्या डावीकडे लावायचा, म्हणजे जिग फेन्स आणि पात्याच्या मध्ये राहतो आणि पाचर उजवीकडच्या मोकळ्या जागेत पडते. काही सॉवर फेन्स डावीकडे पुरेसा जात नाही. तिथे सगळी मांडणी आरशात पाहिल्यासारखी उलटी करा, पाय फिरवायची दिशासुद्धा. फळीची रुंदी 250 असेल तर फेन्स 250 वर, आणि तो आकडा फळीवरच लिहून ठेवा. यात जिग पूर्ण वेळ फेन्सला चिकटून राहील एवढा बाजूचा दाब हाताने द्यावा लागतो, म्हणून माझी पसंती रनरलाच.

चारही पाय कापून झाले की करवतीच्या खुणा रंध्याने काढा. रंधा चौकोनी भागाकडून तळाकडे चालवायचा, जाडीकडून निमुळत्याकडे, म्हणजे धागे उचकटत नाहीत. निमुळता भाग सुरू होतो ती आडवी धार रेखीव दिसायला हवी, आणि पॉलिशपेपर नेमका तिथेच घात करतो, धार गोल करून टाकतो. तेवढ्या जागी लहान रंधा घ्या, धारेच्या जरा खालून सुरू करा आणि दर फेरीला थोडं थोडं वर सरकत रेघेपाशी थांबा.